परक्या देवाच्या दारातले बूट

आमच्या गावात नक्कल करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. पोलीस पाटलाचा खोकला, मास्तरांचं "बसा खाली, बसा म्हणतो ना", गुरवाचं नाकातलं गाणं, सगळं मला येतं. आई म्हणते, "पोरीच्या जातीला शोभत न्हाई ह्ये. कोन करून घील तुला?" तेही मी आईच्याच आवाजात म्हणून दाखवते आणि पाठीत धपाटा खाते.

नक्कल करायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे माझा चुलता, आकाराम तात्या. कोपरं गुडघ्यांवर टेकायची, नजर मातीत रोवायची आणि प्रत्येक बोलण्याआधी "न्हाई म्हंजे" लावायचं. झाला तात्या. "जेवलास का रं?" म्हणून विचारलं तरी, "न्हाई म्हंजे, जेवलो." बाया पाण्याला जाताना मला थांबवून म्हणायच्या, "ये, तुजा चुलता कर की." मी करायची. त्या घागरी खाली ठेवून हसायच्या.

तात्या एकेचाळीस साली पलटणीत गेला. आमच्या माणदेशात पाऊस नसतो, पण भरती दरसाल असते. लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. चंद्राकाकी आमच्या घरी राहिली. तात्या लढाईत नायक झाला, दंडावर दोन फिती आल्या, तेव्हा काकीनं गल्लीत साखर वाटली होती. आणि चव्वेचाळीस साली बातमी आली की इटलीत आकारामच्या फिती उतरवल्या. का, तर त्यानं सरकारी बूट बाजारात विकले.

काकीचे वडील आप्पासो. ते पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. मिशा अजून रोज तेल लावून वर वळवतात आणि बैलालासुद्धा "हाल्ट" म्हणतात. बातमी ऐकल्यावर ते दहिवडीपलीकडनं गाडी जुंपून आले, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरात पानी न पिता लढल्यात मानसं. बूट कुनी विकलं न्हाईत. पोरीला घिऊन चाललो." त्यांनी पाणी न घेता काकीला नेलं. दोन वर्षं झाली त्याला.

तात्या सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात पलटणीतनं सुटून घरी आला, तर काकी नव्हती. तेव्हापासून त्याचं एकच मागणं होतं. चोरीचा डाग जावा आणि चंद्राकाकी परत यावी.

खरं काय झालं ते तात्यानं मला सांगितलं होतं. सांगायला त्याला आठ दिवस लागले, एवढे "न्हाई म्हंजे" मध्ये आले.

त्यांच्या पलटणीला लढाईतनं आठ दिवस मागं आणलं होतं. साहेबानं चांगल्या वागणुकीची बारा माणसं निवडली आणि लॉरीत घालून रोम शहर बघायला पाठवली. तात्या त्यात होता आणि आमच्याच गावचा नानासोही होता. दोघं एका शाळेत नापास झालेले, एका दिवशी भरती झालेले. त्या शहरात ख्रिस्ती लोकांच्या देवांच्या मूर्तींचं आणि चित्रांचं एक मोठं संग्रहालय आहे, तिथं त्यांना उतरवलं.

"देऊळ हाय का तात्या ते?" मी विचारलं.

"न्हाई म्हंजे, देऊळ न्हाई. पर देवळात एक द्येव असतो. तितं भितीला द्येव, छताला द्येव, जिन्यात द्येव."

बाकीचे जवान नालाचे बूट वाजवत संगमरवरावरनं खडखड आत गेले. साहेबही बुटानिशी गेला. तात्या दारातच बाजूला झाला आणि नाड्या सोडायला लागला.

नानासो म्हणाला, "आरं, काय करतुयास आक्या?"

"आत द्येव हाईत."

"त्यांचं द्येव हाईत गड्या. आपलं न्हवं."

"द्येव हाईत का न्हाईत?"

"हाईत."

"मग?"

म्हसवडच्या जत्रेत आपल्याकडं कसं असतं? घरातलं एक माणूस चपलांपाशी बसतं, बाकीची दर्शन घेऊन येतात, मग ते जातं. नानासो तसंच म्हणाला, "जा तू. मी बसतो बुटापाशी. तू आलास की मी जातो." तात्या अनवाणी आत गेला. दोन तासांनी बाहेर आला, तर बूट नव्हते आणि नानासोही नव्हता. शहर उपाशी होतं तेव्हा. बुटाच्या जोडीवर एखाद्या घराची चूल आठवडाभर पेटायची.

तात्या रस्त्यानं अनवाणी चालत लॉरीपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी पेशी झाली. साहेब म्हणाला, बूट दारात कोण काढून ठेवतो? विकलेस तू. तात्यानं नानासोचं नाव सांगितलं. साहेबानं नानासोला पुढं बोलावून विचारलं, यानं बूट काढलेले तू पाहिलेस?

नानासो म्हणाला, "नहीं साब."

पाहिले म्हटलं असतं, तर मग तू कुठं होतास, हा पुढचा प्रश्न आला असता. नानासोला गणित येत नसलं तरी पुढचा प्रश्न कळतो. तात्याच्या फिती उतरल्या. नानासो यथावकाश हवालदार होऊन आला.

मी तात्याला विचारलं, "पर तू काडलंस कशाला? एकानं बी काडलं नव्हतं."

तो बैलाचं जुनं दावं वळत बसला होता. 

"न्हाई म्हंजे, तू ल्हान हाईस. त्या बुटाखाली लय काय काय आलं हुतं गं. रातचं पळताना चिखल म्हनून पाय टाकायचा, त्यो चिखल नसायचा. एकदा पायाखाली हात आला कुनाचा. आपला का त्यांचा, बगाया बी थांबलो न्हाई. तसलं बूट घिऊन देवाफुडं कसं जायाचं? कुनाचा का असंना."

याची नक्कल मी कधी केली नाही. पण हेही मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर गावानं लढाईवरनं आलेल्यांचा सत्कार ठरवला. तात्या उठला आणि पायी आप्पासोंच्या गावी जाऊन आला. त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून तो म्हणाला होता, "मामा, नाना माज्यासंगट हुता. पाच मानसांत त्याला इचारा. मी देवापायी बूट काडलं ह्ये त्यानं सांगितलं, तर चंद्रीला धाडा. न्हाई सांगितलं, तर पुन्ना ह्या दारात यायचो न्हाई."

आप्पासोंनी मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "मंजूर."

नानासोलाही तात्या भेटला. नानासो आता गावात होता, साहेब पुढं नव्हता, भ्यायचं काही कारण नव्हतं. "सांगतो की!" तो म्हणाला. "खरं सांगायला माजं काय जातंय?"

सत्काराच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं सतरंजी टाकली होती. नानासोच्या गळ्यात झेंडूची माळ, छातीवर चार बिल्ले. तात्या कडेला बसला होता, पांढरा सदरा घालून. आईनं तो आदल्या दिवशी रिठ्यानं धुतला होता. आप्पासोंनी गाडी पिंपळाखाली आणून सोडली. गाडीत चंद्राकाकी होती आणि तिच्याजवळ कपड्यांचं गाठोडं होतं. आम्ही बाया मागं बसलो होतो. त्या गाठोड्याकडं आईनं मला कोपरानं ढोसून बघायला लावलं. म्हणजे उतरायच्या तयारीनं आली होती.

माळा घालून झाल्या, गुळाचा चहा झाला. मग आप्पासो उभे राहिले.

"हवालदार, एक इचारायचं हाय. रोममदी आमच्या जावयानं बूट काडलं का इकलं?"

 तात्यानं पहिल्यांदाच नजर मातीतनं वर काढली.

नानासो म्हणाला, "काडलं, आप्पा. ह्या डोळ्यानं बगितलं. मारुतीफुडं खोटं बोलायचो न्हाई."

आईनं "इठ्ठला" म्हणून श्वास सोडला. मी गाडीकडं बघितलं. काकीनं पदर सारखा केला होता.

एवढ्यावर नानासो खाली बसला असता तर! पण समोर शंभर माणसं बसली होती आणि गळ्यात माळ होती.

"आवं, काय सांगू तुमास्नी," तो म्हणाला आणि सतरंजीवर पुढं आला. "आत एकेक द्येव ह्यो असा, हत्तीएवडा. संगमरवराचा. आन् अंगावर चिंदी न्हाई! उगडा! खरं सांगतो. देवाच्या अंगावर लंगोटी न्हाई, आन् आमचा आकाराम भायेर बूट काडतुय!"

हशा झाला. नानासोनं धोतराचा सोगा वर धरला, पायाची बोटं आकसून घेतली आणि थंडगार फरशीवरनं चालायला लागला. कसं चालला! एकेक पाऊल उचलायचं, टेकवायचं, ओठ चावायचे. मान मागं टाकून छताकडं बघायचं. "छताला एक म्हातारा द्येव, दाडी वाऱ्यावर. त्यानं एका गड्याकडं असं बोट केलंय. आन् आकाराम खालनं हात जोडून बगतुय. म्हनतुय, न्हाई म्हंजे, म्या कायबी केलं न्हाई!"

आवाज तात्याचा. हुबेहूब. त्यातला घोगरा भाग मला कधी जमला नव्हता, तो नानासोनं एका दमात काढला. माणसं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होती. पोलीस पाटलाला खोकला आला. मी हसत होते. खोटं कशाला लिहू, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होते.

"आमी ज्या खोलीत जावं तितं ह्यो," नानासो म्हणाला, "गोऱ्या मडमा ह्याच्या पायाकडं बगून नाकाला रुमाल लावत्यात..."

तात्या उठला. "नाना, तू बुटापाशी बसनार हुतास."

"आरं, आत येवडं बगायला आसताना तुज्या बुटापाशी बसू व्हय? बारा मैल लॉरीत आदळत आलतो! बूट काय माजी सासू हाय का?"

पुन्हा हशा.

"त्ये बूट..." तात्या म्हणाला. "न्हाई म्हंजे, त्या बुटाखाली..."

"बूट! बूट!" पुढच्या ओळीतली माणसं ओरडली. तात्या थोडा वेळ तसाच तोंड उघडं ठेवून उभा होता. पुढचं वाक्य मला पाठ होतं, त्याच्या आवाजासकट. मी उठून म्हणू शकले असते. तो खाली बसला.

आप्पासोही हसले होते. मिशीची टोकं खाली आली होती, ती त्यांनी वर वळवली, डोळे पुसले आणि तात्याजवळ आले.

"जावई, चोर न्हाईस तू. पाच मानसांत शाबित झालं. माजा शबूद मागं घेतो."

"मग मामा, चंद्री..."

"आता ऐक. चोर म्हनून मला राग हुता. राग कवातरी जातो. चोर बी सुदारतो, पोराबाळांचं बगून सुदारतो. पर ह्याला काय करू मी? परक्या मुलकात, लडाईत, सरकारी बूट कुनाच्या बी दारात काडून आत जातोस. उंद्या माजी पोरगीबी अशीच कुटल्या दारात काडून ठिवशील आन् आत जाशील."

कुणीतरी मागनं "व्वा आप्पा" म्हणालं. चांगलं वाक्य होतं, मान्य करायलाच पाहिजे. तात्याच्या बाजूनं तसलं एकही कुणाकडं नव्हतं.

मी पळत गाडीपाशी गेले. "काकी, तू तरी बोल. तात्या चोर न्हाई म्हनून ठरलं की आता."

चंद्राकाकी माझ्याकडं बघत नव्हती. गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट करत होती.

"माज्या चुलीपतूर पायतान घालून यायचा त्यो," ती म्हणाली. "रोज. शेनानं सारवलेल्यावर चिखल. मी म्हनायची, उंबऱ्याभायेर काडा. व्हय व्हय म्हनायचा. मागनं मी पुसायची." तिनं गाठ दातानं ओढली. "तिकडं काडता आलं की."

"आगं, त्याचं कारन येगळं..."

"आसंल." ती म्हणाली. "मला कुनी सांगितलं न्हाई."

सांगायला मी होते. पण आप्पासो आले, जू उचलून बैलांच्या मानेवर ठेवलं. काकी पाठमोरी बसली. गाडी ओढ्याच्या उतारापर्यंत दिसली, पुढं धुरळा होता.

परत आले तेव्हा रानातनं उशिरा सुटलेले चार-पाच गडी नुकतेच पोचले होते आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते. "नाना, पुन्ना एकदा कर की पयल्यापास्नं," कुणीतरी म्हणालं. नानासोनं माळ नीट केली, धोतराचा सोगा हातात घेतला. सतरंजीवर जागा कमी होती. तात्याला कुणी सरक म्हणालं नाही. तो आपणच उठून कडेला मातीत सरकून बसला, आणि आलेल्या माणसांना नानासो नीट दिसावा म्हणून त्यानं मान खाली घातली.