मॉडरेट म्हणजे नेमकं काय हो?

गेल्या महिन्यात एका सकाळी ऑफिसला निघाले, तर शेजारचे वसंतकाका आमच्या गेटला धरून उभे. तोंड उघडं, छातीचा भाता नुसता वर-खाली... दम्याचा अटॅक! मी काकूंना हाक मारली आणि गाडी काढली.

काका निवृत्त शिक्षक. घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी जळगावहून इथे आले तेव्हा परक्या गावात पहिला डबा यांच्याच घरून आला होता.

हॉस्पिटलमध्ये नेब्युलायझर लावला, धाप जरा कमी झाली. डॉक्टर रागावले, "अशा हवेत फिरायला कशाला गेलात?"

काकू रडवेल्या होऊन मला म्हणाल्या, "अय्यो, बोर्ड बघूनच गेले की गं! सुम्ने, उगीच नाही गेले."

खरंच होतं ते. मेटगळ्ळीच्या बाजूला, आमच्या कोपऱ्यावर हवेचं प्रदूषण दाखवणारा मोठा एलईडी बोर्ड आहे. त्यावर आकडे पळतात आणि शेवटी एक शब्द येतो... मॉडरेट. काका रोज तो वाचायचे. मॉडरेट म्हणजे मध्यम, म्हणजे ठीकच की!

दुपारी मी सरकारी वेबसाईट उघडली. कॅप्चा, मग स्टेशनचा कोड, मग एक एक्सेल, मग एक पीडीएफ... त्या पीडीएफच्या पोटात बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं. 'मॉडरेट' म्हणजे दमा, फुप्फुसाचे आणि हृदयाचे आजार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसासाठी ही सूचना, त्यालाच ती दिसू नये याची इतकी चोख व्यवस्था!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात गेले. या टेबलावरून त्या टेबलावर, मग एक तास बाकावर... शेवटी साहेब भेटले. माझं कन्नड अजून भाजीवाल्यापुरतंच, म्हणून इंग्रजीत सगळं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, सगळा डेटा पब्लिक आहे. वेबसाईटवर आहे."

"पण कळतो कुणाला?"

"पब्लिक आहे ना, मॅडम..."

आता मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "तुमच्या घरी कोणी वयस्कर आहे? आत्ता फोन करून विचारा, मॉडरेट म्हणजे काय!"

ते हसले. बहुतेक मला घालवण्यासाठीच त्यांनी वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "अप्पा, मॉडरेट अंद्रे एनु?"

पलीकडून ठणठणीत आवाज आला, "चेन्नागिदे अंत!" छान आहे, असा अर्थ. पुढे अप्पांनी आपणहून सांगितलं, की आमच्या इथल्या बोर्डावरही तेच आहे, म्हणून तर मी अजून पार्कातच बसलोय.

साहेबांचं हसू गेलं. ते एकच वाक्य बोलले, "अप्पा, मनेगे होगि." घरी जा.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्यांची बायपास झालीये." मग कागद ओढून आमच्या बोर्डाचा पत्ता लिहून घेतला.

गेल्या आठवड्यात बोर्डाखाली एक फ्लेक्स लागला. वर ठळक कन्नड, खाली इंग्रजी: मॉडरेट असेल तर दमा आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी बाहेर फिरायला जाऊ नये. बस्स, एवढंच! काका आता बरे आहेत, ही देवाची कृपा.

साहेबांचे मनापासून आभार. पण राग काही जात नाही... प्रत्येक बोर्डासाठी कुणाचा तरी बाप पार्कात बसलेला असायला हवा का?