हसला, बसला, जाला

पेपर तपासायला लाल पेनाचं टोपण काढलं आणि शाईच्या वासासरशी परळचा तो वर्ग आठवला. तिथे मी नर्सेसना मराठी शिकवायचे. केरळहून आलेल्या लिलीनं लिहिलं होतं, "पेशंट घरी जाला." मी 'जाला' खोडलं.

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, हसणे-हसला, बसणे-बसला. मग जाणे-जाला का नाही?"

वर्गाच्या तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसून हसले. मी नाही हसले. नियम तिला पक्का कळला होता. 'गेला' म्हणून तो मोडतो आपण. मी पूर्ण मार्क दिले.

साहेबांनी कारण विचारलं.

"चूक मराठीची आहे," मी म्हटलं.

पुढे माणूस दुसरी भाषा कशी शिकतो, याच अभ्यासात जन्म गेला. साहेबांना दिलेलं ते उत्तर अजून मागे घेतलेलं नाही.