घाडीबुवांची पट्टी

“बाई, ह्यो कोण गाता?” घाडीबुवांनी हेडफोन उतरवून विचारलं.

“बुवा, तुम्हीच की!”

“ह्यो आवाज माझो न्हय. माझी पट्टी पांढरी एक. ह्यो तर काळी दोनात किंचाळता!”

गायक पेटीवरच्या ज्या सुराला सा धरतो, ती त्याची पट्टी. मी हेडफोन लावला आणि हादरलेच. घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्या, गिरणीतून रिटायर झालेल्या बुवांच्या जागी विशीतला पोरगा गात होता.

ऐंशीच्या दशकात चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका कॅसेट कारखान्यात माझी नोकरी होती ऐकण्याची. हौशी लोक स्वतःचं रेकॉर्डिंग आणत, आम्ही कॉप्या काढत असू. महिन्याची प्रत्येक नवी कॅसेट मी ऐकायची आणि खोट काढायची. त्या महिन्यात मुलुंडच्या कॉलेजकुमारांच्या बँडमध्ये ड्रमखाली गाणाराच गाडला गेला होता. बोरिवलीच्या महिला मंडळाच्या मंगळागौरीत कुकरची शिट्टी घुसली होती, आणि सगळ्यांत सुरात तीच होती. बुवांची भजनं मात्र गणपतीच्या घाईत मला न ऐकवताच दुकानांत गेली.

मी बुवांची मूळ टेप लावली. आवाज खर्जातला, भरदार. म्हणजे गडबड आमच्याकडची. कॉप्यांसाठी आम्ही मूळ टेपवरून आधी एक मास्टर भरत असू. त्या डेकची चाकं फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला होता, टेप हळू फिरली होती. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढतो आणि गाणं पळतं.

मी मालकांच्या, मेहताशेठच्या केबिनमध्ये गेले. “शेठ, माल परत मागवा. बुवांचा आवाज बदललाय.”

“आता? गणपती तोंडावर आहेत, माझी वाट लागेल! आणि लोक मागून मागून नेताहेत. झकास वाटतंय त्यांना.”

“पण ते बुवा नाहीत ना!”

“नाव तर त्यांचंच आहे ना?”

मी बाहेर येऊन बुवांना शेठचं उत्तर सांगितलं. आयुष्यातली पहिली कॅसेट होती त्यांची. ते तसेच निघून गेले.

डेकचा पट्टा त्याच दिवशी बदलला. गणपतीत ती कॅसेट मंडपामंडपात वाजली. मला ती ऐकवेना.

विसर्जनानंतर बुवा आले. भांडायलाच आले असतील, असं मी धरून चालले होते.

“बाई, पुढली कॅसेट काढूची हा. तशीच करा. काळी दोनात.”

“अहो बुवा, काय बोलताय! डेक नीट झालाय. आता तुमचा खरा आवाज येईल.”

“एका मंडळान बोलावल्यानी. मी पेटी घेऊन स्टेजवर गेलंय, तर पोरगे काय म्हणाले? ‘काका, तुम्ही बाजूला बसा. घाडीबुवा आले की सुरू करू.’”

ते हसले. मला हसता येईना. मी काही बोलायच्या आत शेठनी केबिनमधून हाक मारली, “बाई, तो जुना पट्टा फेकलात तर नाही ना?”

आमच्या धंद्यात म्हणतात, मशीनची खोट काढता येते, गिऱ्हाइकाच्या कानाची नाही. तो पट्टा मी आदल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकला होता. शेठनी दुपारी नवाच मागवला आणि तो सैल बसवून घेतला.