इंजिन फिरतंय, पण उठत नाही

त्या सकाळचं ऊन मला अजून दिसतं. खरं सांगायचं तर ऊन तेवढंच नीट दिसतं, बाकीचं सगळं त्याच्यात तरंगत असतं. ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं मोटारखान्याचं आवार, कडुनिंबाखाली उभी असलेली काळी मोटार, तिचं उघडलेलं बॉनेट आणि त्यात डोकं घातलेले माझे सासरे. दसरा होऊन एक दिवस झाला होता. त्या दिवसांत ग्वाल्हेरला सकाळी हवेत असा काही गोड गारवा असतो की वाटतं, आज काही वाईट व्हायचंच नाही. माझ्या लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते, त्यामुळे मला तसं जरा जास्तच वाटायचं.

मामंजी संस्थानच्या काळापासून त्या मोटारीवर ड्रायव्हर होते. संस्थान गेलं, मध्य भारत नावाचा नवा प्रांत आला, मोटार सरकारजमा झाली आणि तिच्याबरोबर मामंजीही सरकारजमा झाले. आमच्या घराण्यात पूर्वी सगळे स्वार. "आजोबा घोड्यावर होते, मी हिच्यावर आहे," असं ते ऐटीत सांगायचे. आता मध्य भारतही मोडायला निघाला होता. राजधानी भोपाळला जाणार, कचेऱ्या जाणार, त्यातली टेबलं-खुर्च्यासुद्धा जाणार. माझे यजमान कचेरीत कारकून, ते दसऱ्याआधीच तिकडे रुजू झाले होते. मी मागून जायची होते. प्रश्न होता मामंजींचा. सासूबाई आदल्याच वर्षी वारल्या होत्या. हुकूम असा निघाला होता की चालू गाड्या आपापल्या ड्रायव्हरसकट भोपाळला जातील. बंद गाड्यांचा लिलाव होईल आणि त्यांचे ड्रायव्हर घरी बसतील. म्हणजे गाडी पास झाली तर आम्ही तिघं एका घरात, नाही तर हा म्हातारा माणूस इथे एकटा, कारण मुलाच्या घरी नुसतं बसून खायला ते कधीच आले नसते.

तपासणीला साहेब आले ते सकाळी नऊच्या सुमारास. पोरगेलासा हिंदी बोलणारा माणूस, हातात कागद लावलेली पाटी, वागायला अगदी सभ्य. मामंजींनी कडक साफा बांधला होता. त्यांनी सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं आणि थांबलं. पुन्हा मारला. फिरतंय, फिरतंय, पण उठायचं नाव नाही.

"नाटकं करून राहिलीय," मामंजी हसून म्हणाले. हे ग्वाल्हेरचं मराठी. मी साताऱ्याची, मला पहिले सहा महिने हे ऐकून हसूच आवरायचं नाही. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

आमच्या दोन खोल्या त्या आवारातच होत्या. मी दारात उभी होते. मामंजींनी हाक मारली, "सूनबाई, या इकडे. गाडीत बसा. मी म्हणेन तेव्हा हे बटण दाबायचं."

अगं बाई! त्या गाडीच्या पुढच्या सीटवर आमच्या घरची बाई कधी बसली नव्हती. मी डोक्यावरचा पदर सावरत बसले. आतलं कातडं उन्हानं कोमट झालं होतं, त्याला जुन्या अत्तराचा आणि पेट्रोलचा एकत्र वास होता. समोरच्या काचेवर कडुनिंबाच्या सावल्या हलत होत्या. सांगायला लाज वाटते, पण तेवढ्या काळजीतही मला क्षणभर वाटलं, ही गाडी अशीच हळूच निघावी, बाडा, सराफा, सगळा बाजार मागे टाकावा आणि आपण काचेतून नुसतं बघत राहावं.

"दाबा!"

मी दाबलं. इंजिन फिरलं.

मामंजींना काम करताना बोलायची सवय होती. कुणाशी बोलतात ते कळायचं नाही, गाडीशी की माणसांशी. "जोरात फिरतंय, म्हणजे बॅटरीला दोष नाही," ते म्हणाले. मग मागे जाऊन धुराच्या नळीशी वाकले. "पेट्रोलचा वास येतोय. म्हणजे पोचतंय, पण जळत नाही. उपाशी नाहीये ती, चूल पेटत नाहीये." त्यांनी एक प्लग काढला, तो वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला. "दाबा." ठिणगी नाही. दुसरा काढला. नाही. मग कॉइलची जाड वायर उपसून लोखंडाजवळ नेली. "दाबा." टक्! निळी ठिणगी उडाली, ती मला उघड्या बॉनेटच्या फटीतूनसुद्धा दिसली.

"बघा साहेब," मामंजी खुशीत हिंदीत म्हणाले, "इथवर करंट आहे आणि प्लगला नाही. मधे राहिली फक्त टोपी."

टोपी म्हटल्याबरोबर मला खंडेनवमीची पूजा आठवली.

ती टोपी म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं झाकण. वाटीएवढं, काळं, सगळ्या वायरी त्यातून निघतात आणि प्लगांना करंट वाटतात. आमच्या घरी खंडेनवमीला पूर्वी तलवार पुजायचे. मोटार काही देवघरात आणता येत नाही, म्हणून मामंजी दर वर्षी ही टोपी काढून पुसून आणायचे, पान्यांच्या शेजारी तबकात ठेवायचे. तो दिवस हत्यारांच्या विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी टोपी परत बसवायची, आणि पूजेचं कुंकू पुसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. सासूबाई होत्या तोवर त्या हळदकुंकू वाहायच्या. त्या वर्षी मी वाहिलं. टोपी उलटी करून पाहिली तर आत गोल बसलेले सहा पितळी दाणे आणि मधे एक. मला वाटलं, किती सुरेख! देवाचे टाकच जणू! मी हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि एकेका दाण्याला नीट बोट टेकवत गेले. मधल्यालाही लावलं. कौतुकानं वर अक्षता टाकल्या. सासूबाई फक्त बाहेरून एक टिळा लावायच्या, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मामंजींनी दसऱ्याच्या रात्री बसवताना बाहेरचं कुंकू पाहिलं, आत बघायचं त्यांना कशाला सुचेल? आतून तर त्यांनीच पुसली होती.

आता त्यांनी टोपी काढली. उलटी केली. आत सगळीकडे रात्रीच्या दवानं पुन्हा ओलावलेला लाल चिखल आणि दोन-तीन तांदूळ. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या ओलीतूनच कुठेतरी झिरपून जात होती. मामंजी टोपीकडे पाहत राहिले, मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

साहेब पुढे आले. "यह क्या है? रोली-कुमकुम? इंजन के अंदर? किसने किया?"

मी गाडीतून उतरलेच होते. "ते मी..." एवढं माझ्या तोंडून निघालं असेल-नसेल.

"सूनबाई!" मामंजी ओरडले. आठ महिन्यांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. "आत जा. साहेबांना चहा टाका." आणि मग साहेबांकडे वळून, अगदी शांतपणे, "मैंने किया, साहब. पूजा थी. ध्यान नहीं रहा."

आणि मी गेले. आजही मला त्याचा राग येतो, माझाच. तिथे पाय रोवून उभं राहायला हवं होतं, पण मी मुकाट्यानं आत जाऊन स्टोव्हला पंप मारत बसले. बाहेर मामंजींनी टोपी पुसली असावी, कारण थोड्या वेळानं सेल्फ वाजला आणि पहिल्याच झटक्याला इंजिन उठलं. काय आवाज तो! सगळं आवार घुमलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, सुटलो, जाऊ आता तिघं.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा साहेब लिहीत होते. गाडी उत्तम, भोपाळला पाठवावी. ड्रायव्हरचं वय झालं आहे, इंजिनात कुंकू घालतो, बरोबर पाठवू नये. त्यांनी ते मामंजींना वाचून दाखवलं, वाईट वाटून घेऊ नका असंही म्हणाले. मंत्र्यांच्या गाडीवर असा माणूस कसा द्यायचा, त्यांचंही बरोबरच होतं. मामंजींनी सही केली.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे रडले. म्हटलं, "मामंजी, असं का केलंत? खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी साहेबांच्या पाया पडले असते."

"अहो, तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला दाखवायचं राहून गेलं," ते म्हणाले. "त्या नाहीत म्हटल्यावर मी दाखवायला हवं होतं. मग चूक कोणाची झाली?" आणि जेवायला वाढा म्हणाले.

मी एकटी भोपाळला गेले. गाडी माझ्याआधीच गेली होती, दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हाती. घरच्यांना मी एवढंच सांगितलं की मामंजींचं वय नडलं. यजमानांनीही मग कधी खोदून विचारलं नाही.

महिन्याभरानं मामंजींचं पोस्टकार्ड आलं. तब्येत बरी आहे, स्वयंपाक जमतो, काळजी नसावी. आणि खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: गाडी दिसते का कधी? थंडीत सकाळी जरा लाडावते ती. नीट सुरू होते ना?

भोपाळ तेव्हा मला धड ठाऊकही नव्हतं. ती गाडी कुठल्या बंगल्यावर असते, चालते की बंद पडली, मला कुठून कळणार? मी लिहिलं, रोज दिसते, छान चालते. पुढची तीन वर्षं, ते होते तोवर, दर कार्डात मी हेच लिहीत राहिले.