वर बोलायला शिकवणारे धारप वकील

आमच्या वाडीच्या देवळाच्या जागेचा कागद घेऊन मी पहिल्या एसटीने महाडला उतरलो, ती सकाळ मला स्पष्ट आठवते. पोलादपूरहून निघण्याआधी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला होता. कोर्टात पोहोचलो तर आमचे वकील, श्री. यशवंतराव धारप, जागेवर नव्हते. शिपायाने वकिलांच्या खोलीकडे बोट केले. आत चार काळे कोट पत्ते खेळत होते.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. पत्ते म्हणजे गणपतीच्या जागरणातला 'तीनशे चार'चा खेळ, एवढीच माझी ओळख. कोर्ट सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून वकीलसाहेबांच्या मागे बसून राहिलो. डाव संपल्यावर ते वळून म्हणाले, "काय कळलं, गुरुजी?"

"बोली चढत जाते, पण मनातलं कोणी सांगत नाही."

"सगळं मनातलंच सांगतात. भाषा शिकावी लागते. रविवारी या."

देवळाचा कागद यथावकाश झाला. रविवार मात्र अजून संपलेले नाहीत.

साहेबांचा हा पत्त्यांचा खेळ म्हणजे ब्रिज; ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. खेळण्याआधी बोली होते आणि आपल्या हातात काय आहे ते भिडूला त्या बोलीतूनच कळवायचे असते. डोळा, खोकला, खूण काही चालत नाही. प्रत्येक बोली आधीच्या बोलीच्या वरची हवी. कोणत्या बोलीचा अर्थ काय, हे दोघांनी आधी ठरवलेले असते. त्या ठरावाला पद्धत म्हणतात. वकीलसाहेबांनी कोर्टाच्या कामाइतकेच मन लावून आयुष्यभर काही केले असेल, तर ती अशी एक पद्धत बांधणे.

त्या पद्धतीला कारण मी झालो. वडीलधाऱ्यांच्या वर बोलायचे नाही, ही आमच्या घरची शिकवण. वकीलसाहेबांनी 'एक बदाम' म्हटले की हातात राजे-राण्या असूनही माझ्या तोंडून 'पास' निघे. ते रागावले नाहीत. राग आला तो त्यांच्या पत्नीला, सौ. काकूंना. "जेवायला बसले तरी गुरुजी आधी तीनदा नको म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि मग चार भाकऱ्या खातात. पत्त्यांत तेवढा वेळ कोण देणार यांना?"

साहेब हसले नाहीत. त्यांना त्यात वाट दिसली. माणूस बदलायला वेळ लागतो, तोवर पद्धत बदलू, असे म्हणून ते कामाला लागले. रचायची, मोडायची, पुन्हा रचायची, असे कित्येक महिने चालले. शेवटी जे निघाले ते असे. त्यांचा हात भारी असला की ते 'एक किलवर' म्हणणार. मी त्यावरची सर्वांत लहान बोली, 'एक चौकट', म्हणायची. तिचा अर्थ एवढाच, की साहेब, काय काय आहे? मग ते पायरी पायरीने उत्तर देणार आणि डाव कुठे थांबवायचा ते मी ठरवणार. या उत्तरांना त्यांनी नाव दिले 'जबानी'. "जन्मभर मी प्रश्न विचारले," ते म्हणाले, "आता पिंजऱ्यात मी उभा राहतो. विचारणं म्हणजे काही वर बोलणं नाही ना, गुरुजी?" एका मास्तराचा संकोच जावा म्हणून नावाजलेल्या वकिलाने साक्षीदार व्हायचे पत्करले. त्यानंतर मी खेळू लागलो.

पद्धत गुपित ठेवायची नसते, विरुद्ध बाजूला तिचा अर्थ कळलाच पाहिजे, याबाबत ते कडक. बोलीचा अर्थ भिडूने सांगायचा असतो; एका स्पर्धेत त्यांच्या जबानीचा अर्थ मी विरुद्ध बाजूला चुकीचा सांगितला. बोली संपली, पहिले पान पडायच्या आत साहेबांनी पंचांना बोलावले आणि खरा अर्थ सांगून टाकला. विरुद्ध बाजूला नेमके कुठले पान खेळायचे ते समजले आणि आमचा डाव बुडाला. परतीच्या एसटीत मी माफी मागू लागलो. ते म्हणाले, "त्यांचा हक्क होता, त्यांना दिला. तुम्ही खिडकी लावा, वारा लागतोय."

माझी आई महाडच्या दवाखान्यात होती तेव्हा साहेब रोज काकूंचा डबा घेऊन येत. पत्त्यांचा विषय कधी काढला नाही. तो आईनेच काढला. "वकीलसायेब, ह्यो जिकतो का कधी?" साहेब म्हणाले, "जिंकतो की. पण तोंड हरल्यासारखं करून बसतो." आई त्या दिवशी पोटभर जेवली.

पुढचे त्यांच्या परवानगीने लिहितो. "लपवलंत तर हरकत घेईन," असे त्यांनी बजावले आहे. गेल्या वर्षापासून जबानीच्या वरच्या पायऱ्या त्यांना आठवेनाशा झाल्या. हे आधी त्यांच्याच लक्षात आले. "निम्मी पद्धत कापा," ते म्हणू लागले. माझा हात धजेना. ज्यांनी रचली त्यांच्यासमोर ती मोडायची म्हणजे पुन्हा वर बोलणेच. रविवारी खेळायला जमणाऱ्या मंडळींपैकी काहींनी मला तरुण भिडू सुचवला. साहेबांनीही ते ऐकले आणि एक दिवस शांतपणे म्हणाले, "कापायची नसेल तर त्याच्याबरोबर खेळा. पण मला अजून खेळायचंय."

देवळाचा कुजलेला वासा बदलला तेव्हाचे मला आठवले. आधी गुरवाने हात जोडले, मग सुताराला खूण केली. देऊळ उभे राहायचे तर वासा काढावाच लागतो. मी घरी पूजा आटोपून पत्ते आणि कागद घेऊन देवापुढेच बसलो. "द्येवासमोर पत्तं?" बायकोने विचारले. मी म्हटले, "साहेबांचं काम हाय." ती समई सरकवून गेली. जबानीच्या वरच्या पायऱ्या मी काढल्या. माझ्यावरचा भार वाढवला, कारण आता नुसते विचारून भागणार नव्हते, माझ्या हातात काय आहे ते मलाच बोलून सांगावे लागणार होते.

वकीलसाहेबांनी पंचाहत्तरी पूर्ण केली. ईश्वराने त्यांना निरोगी ठेवावे, काकूंच्या हातचे जेवण आणि रविवारची सकाळ दोन्ही उदंड लाभोत, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी जोडी म्हणून त्यांचे आणि माझे नाव मी दिले आहे.

परवा नवी पद्धत त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती सावकाश वाचली. विरुद्ध बाजूला एका दमात सांगता येईल का, एवढेच विचारले. मी सांगून दाखवली.

"मग वाटा पानं."

त्यांनी 'एक बदाम' म्हटले. माझा हात चांगला होता. मी वर बोललो.