नटीच्या भरवशावर धुतलेली साडी

आप्पांनी आईसाठी विणलेली एकुलती एक साडी मी त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी धुतली. एवढंच झालं.

आमचं घर वडगावातलं, विणकराचं. आप्पा जन्मभर मागावर बसले आणि मी बेळगावातल्या एका ऑफिसात खुर्चीवर. पहिल्या पगाराच्या जोरावर मी घरात वॉशिंग मशीन आणलं, तेसुद्धा एका नटीच्या सांगण्यावरून! टीव्हीवर ती डागाळलेली साडी मशीनमध्ये टाकायची, एक गिरकी घ्यायची आणि कोरी करकरीत साडी बाहेर काढायची. (झाकणावर तिचा फोटो होता. आता नुसतं हसू उरलंय, नाक-डोळे साबणाने खाल्ले.)

आईचा तिच्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता.

"तिच्या हातात बांगड्या बघ किती हाईत. धुणं धुताना एक तरी पिचली काय?"

"आई, मशीन धुतंय. ती फक्त सांगतीया."

"मग सांगूदे की. मी कशाला ऐकू?"

आईने कपडे दगडावरच धुतले. मी मात्र ऐकत राहिलो.

तर, वर्षश्राद्धाला नेसायची म्हणून आईने ती हिरवी, लाल काठाची साडी ट्रंकेतून काढून खाटेवर ठेवली आणि देवळात गेली. मी सहज उलगडून बघितली. पदरात बोटभर लाल रेघ! मला वाटलं, कुंकू सांडलंय. आप्पा गेल्यापासून आई कशात नव्हती. म्हटलं, आल्यावर कोरी साडी हातात देऊ, तेवढीच हसेल. साडी टबात घातली, पावडर घातली, रेघ जाईना म्हणून आणखी पावडर घातली आणि बटण फिरवलं. मशीन थरथरत मोरीच्या दारापर्यंत चालत आलं. ते बहुधा पळून जात होतं, मी धरून ठेवलं.

झाकण उघडलं तेव्हा काठाचा लाल रंग साडीभर पसरला होता. हिरव्यावर जागोजागी तांबडे-काळे ढग. आई दारात उभी होती.

"काय केलास रं बाळू?"

"डाग काढत होतो. पदरावर कुंकवाचा डाग होता."

ती खाली बसली. ओली साडी तिने मांडीवर घेतली.

"त्यो डाग न्हवं रं. आपल्यात चांगला माल सगळा व्यापाऱ्याकडं जातोय. घरच्या बाईला डागी. मला एक तरी चांगली नेसवायची म्हणून तुझ्या आप्पांनी ह्या पदरात मुद्दाम लाल सुताचा धोटा मारून ती रेघ काढलती. व्यापाऱ्यानं डागी म्हणून परत दिली. लई खूश झालते त्या दिवशी."

ती त्या ढगांमध्ये बोटाने चाचपत ती रेघ शोधत राहिली. सापडली नाही. मला रडू आलं; पन्नाशीचा बाप्या, मोरीत बसून रडलो. आईच म्हणाली, "उठ, दोरीवर टाक. उन्हात न्हाय, सावलीला."

दुसऱ्या दिवशी तिने तीच साडी नेसली. पंगतीत सगळ्यांचे डोळे साडीवर. शेवटी आत्याला राहवलं नाही.

"वैनी, ही कसली नक्षी म्हणायची?"

"विणली त्यांनी," आई भात वाढत म्हणाली, "नक्षी ह्याची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पानात बघत राहिलो. पोरगा मागावर बसला नाही, ही खंत आप्पांना शेवटपर्यंत होती. माझ्या हातचा पहिला नग बघायला ते नाहीत, हेच बरं. एका धाग्यासाठी त्यांनी आपलं नाव पणाला लावलं होतं. मी धोट्याला हात न लावता सहावारी डागी माल काढला!