बोल्टवरची लाल खूण

अशोकच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा खालचा बोल्ट मी आवळला नव्हता. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही, खुद्द अशोकपुढे तर नाहीच. या गोष्टीला दहा वर्षं झाली. आता तो ऐकायला नाही म्हणून तुला कंठ फुटला, असं कुणी म्हटलं तर ते खरंच आहे.

पाच आठवड्यांपूर्वी मी कारखान्याच्या कँटीनमध्ये रांगेत उभा असताना सुनंदावहिनींचा, म्हणजे अशोकच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, तुमचा मित्र गेला," एवढंच म्हणाल्या. सकाळी अंघोळ करून देवापुढे उभा राहिला, छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता. मी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात फोन धरून तसाच पुढे सरकत राहिलो. वाढणाऱ्याने भात वाढला, आमटी वाढली... टेबलापाशी बसल्यावर लक्षात आलं की फोन कधीचाच बंद झालाय आणि मी तो अजून कानाला धरून आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला सातपूरच्या त्या कारखान्यात आम्ही एकाच आठवड्यात लागलो. तो लेथवर, मी तपासणी विभागात. त्याने बनवलेलं मोजायचं आणि पास की नापास ते ठरवायचं, हे माझं काम. पहिल्याच महिन्यात मी त्याच्या पाच पिना नापास करून परत पाठवल्या. त्या घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. दिंडोरीकडचा माणूस, बोलणं तिकडचंच. "साहेब, पिना नाय चुकल्या. तुमचं माप चुकलंय." मी रागाने दुसरा मायक्रोमीटर काढला आणि त्याच्यासमोर मोजल्या. पाचही बरोबर निघाल्या. माझाच मायक्रोमीटर बिघडलेला होता. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. फक्त तेव्हापासून मला मरेपर्यंत 'साहेब' म्हणत राहिला आणि त्या शब्दातली गंमत आम्हा दोघांनाच माहीत होती.

गाडी त्याला चुलतभावाच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये सापडली. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, टाकीवर कोंबड्यांची वस्ती. औषध फवारायच्या पंपाला तिचं इंजिन जोडावं, असा भावाचा बेत होता. अशोकने त्याला नवा पंप घेऊन दिला आणि गाडी ढकलत रस्त्यापर्यंत आणली. पुढची पाच-सहा वर्षं आमचे रविवार त्या गाडीने खाल्ले. सातपूरला त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे ती तीनदा पूर्ण सुटी झाली आणि तीनदा उभी राहिली. सिलिंडर नव्याने बोअर केला. हँडल खाली घेतलं, पाय ठेवायच्या जागा मागे सरकवल्या. सायलेन्सर तर त्याने पत्रा कापून, वळवून, वेल्डिंग करून स्वतः बनवला, एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक वेळी गाडी चालू करायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "घसा बसलाय हिचा अजून." मला काही फरक कळायचा नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायच्या, "घसा तिचा बसलाय आणि कान आमचे बसलेत."

हे सगळं कशासाठी, तर दक्षिणेत मोटारींच्या शर्यतीचा एक ट्रॅक होता. वर्षातले काही दिवस तो हौशी लोकांना मोकळा असतो, आपापली गाडी आणा आणि पळवा, असं कुणीतरी अशोकला सांगितलं होतं. शर्यत नाही, बक्षीस नाही. पण समोरून ट्रक येत नाही, गाय येत नाही आणि रस्ता गुळगुळीत, असा रस्ता आयुष्यात एकदा आपल्या गाडीखाली यावा एवढीच त्याची इच्छा. जमलं तर पुढे नोकरी सोडून अशाच गाड्या बनवायच्या, हे तो फक्त माझ्याशी बोलायचा.

गाडी पळायला लागली तसा मूळचा ब्रेक पुरेना. मुंबईच्या भंगारबाजारातून त्याने एका मोठ्या परदेशी गाडीचा डिस्क ब्रेक आणला. तो आमच्या गाडीला बसवायचा तर मधे एक जोड हवा, ब्रॅकेट. एका बाजूने ते गाडीचं पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला धरणार, दुसऱ्या बाजूला दोन बोल्टांवर ब्रेकचा, म्हणजे चाकावरची डिस्क चिमटीत पकडणारा, जबडा तोलणार. बाजारात असली वस्तू मिळत नाही. अशोकने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ते ब्रॅकेट कोरून काढलं. त्यात तीन महिन्यांचे रविवार गेले. तळहाताएवढी वस्तू, पण कानसेने तिच्या कडा अशा मारल्या होत्या की हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटू नये. त्याने ती माझ्यापुढे धरली. "करा नापास." मी मोजली. नापास करण्यासारखं काही नव्हतं.

आता त्या लाल खुणेबद्दल सांगायला हवं. बोल्ट पुरता आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची, हा अशोकचा नियम. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. नेलपॉलिश वहिनींचं. बाटली शेडच्या खिडकीत असायची आणि लग्नाला जाताना त्यांना ती शेडमधून मागून न्यावी लागायची. नियमाचा दुसरा भाग असा, की ज्याने आवळलं त्यानेच खूण करायची आणि खूण झालेल्या बोल्टला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. तो दुसऱ्याच्या हाताचा अपमान. गाडीवर बसण्याआधी अशोक एकच प्रश्न विचारायचा, "लाल?" आणि मी म्हणायचो, "लाल." मग तो मागे वळून बघायचा नाही.

द्राक्षाचा हंगाम होता. दिंडोरीहून दक्षिणेला माल जायचा, त्याच ट्रकमध्ये क्रेटांच्या मधोमध पोती बांधून आम्ही गाडी उभी केली आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसलो. ड्रायव्हर वाटभर कुरकुरत होता, "द्राक्षाला धक्का लागला तर शेतकरी ओरडतो, गाडीला लागला तर हा अशोक ओरडतो. मी ब्रेक मारू का नको?" ट्रॅकवर पोचलो तर तिथे तीस-चाळीस गाड्या, बहुतेक आमच्याहून भारी. पण माणसं गोळा झाली ती आमच्या गाडीभोवती, आणि त्यातही ब्रॅकेटभोवती. एकाने मोडक्या हिंदीत विचारलं, असं मला बनवून देशील का? अशोक कानापर्यंत लाल झाला. "पहिले चलाके देखता," म्हणाला.

त्याच घोळक्यात मी एक पाना उलटा लावला आणि अशोक सगळ्यांदेखत म्हणाला, "हमारे साहब सिर्फ नापते हैं, पाना पकडना नहीं आता." सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं. एवढंसं वाक्य, रोजच्या थट्टेतलं... त्या दिवशी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकचा जबडा बसवायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही बोल्ट आधी हाताने लावायचे, ब्रेक दाबून जबडा डिस्कच्या मध्यावर येऊ द्यायचा आणि मग पान्याने आवळायचे. वरचा आवळला. तेवढ्यात कुठल्याशा कागदावर सही करायला मला बोलावलं. परत आलो तेव्हा आमच्या तुकडीला ट्रॅकवर सोडायची हाक सुरू झाली होती. दोन्ही बोल्ट टेकलेले दिसत होते. मी बाटली उघडली आणि दोन रेघा ओढल्या. बाटलीचं झाकण लावताना मनात आलं, खालचा आवळला का आपण?

इथपर्यंत सगळं चूक म्हणून खपलं असतं. यापुढचं चूक नव्हे. पाना माझ्या पायाशी पडलेला होता. वाकून लावला असता तर अर्धं मिनिट गेलं असतं. पण ओल्या खुणेवर पाना लावताना अशोकने बघितलं असतं, कालचे लोक आजूबाजूला होतेच, आणि तो पुन्हा काहीतरी बोलला असता. मी वाकलो नाही. अशोक हेल्मेट चढवत आला. "लाल?"

"लाल," मी म्हणालो.

तिसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्ता संपून वळण लागतं तिथे त्याने ब्रेक दाबला. खालचा बोल्ट तोवर निघून गेलेला असणार. जबडा वरच्या एकाच बोल्टवर फिरला, चाकाच्या तारांत घुसला, चाक जागीच थांबलं आणि अशोक हँडलवरून पुढे गेला. मी धावत पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. उजवं मनगट चुकीच्या दिशेला वळलेलं. त्याची नजर गाडीकडे होती. ब्रॅकेट मधोमध तुटलेलं, अर्धा तुकडा काट्याला लटकत होता. "माझं ब्रॅकेट गेलं रे," तो म्हणाला, "माझंच काम कच्चं निघालं."

दुसरा अर्धा तुकडा मला गवतात सापडला. खालच्या बोल्टचं भोक त्यातच होतं. मी तपासणी विभागातला माणूस आहे, मला भिंग लागलं नाही. भोकातले आटे शाबूत होते, एकही ओरबाडलेला नव्हता. आधी ब्रॅकेट मोडलं असतं तर बोल्ट त्यात अडकून राहिला असता. तो आपणहून फिरून बाहेर पडला होता. ब्रॅकेट मागाहून, जबड्याच्या झटक्याने मोडलं. मी तुकडा खिशात घातला आणि अशोकला सांगितलं, सापडला नाही.

मनगट बरं झालं, पण पुरतं वळेना. कारखान्याने त्याला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. त्याचं त्याला फारसं वाटलं नसावं. त्याने स्वतःहून जे सोडलं ते मला बघवत नव्हतं. कुणी गाडी घेऊन आलं, साधा एखादा भाग बनवून मागितला, तरी तो हात जोडायचा. "दुसऱ्याकडं जा बाबा. माझ्या हातचं टिकत नाय." दक्षिणेतल्या त्या माणसाचं पत्रही आलं होतं, त्याला त्याने उत्तर दिलं नाही. गाडी शेडमध्ये पोत्याखाली गेली. मी दर रविवारी जात राहिलो. चहा प्यायचो, क्रिकेटचं बोलायचो. कितीदा ठरवून गेलो, की आज सांगायचं. एकदा तर तुकडा खिशात घेऊन गेलो होतो. त्या दिवशी तो फार छान मूडमध्ये होता, म्हणून नाही सांगितलं. नंतरच्या रविवारी उदास होता, म्हणून नाही सांगितलं... न सांगायला कारण नेहमीच मिळतं.

खूण करायची सवय मात्र त्याची सुटली नाही. बनवणं थांबलं तरी घरातला प्रत्येक स्क्रू तो तपासत राहिला. तेराव्याच्या दिवशी मी त्या घरात बसलो होतो आणि जिकडे बघावं तिकडे लाल रेघ दिसत होती. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर, दाराच्या बिजागरीवर, वहिनींच्या शिवणयंत्राच्या पायावर. येणाऱ्यांची गर्दी होईल म्हणून बाहेरच्या खोलीत नवा पंखा बसवून घेतला होता. माणसं पांगल्यावर वहिनींनी ती बाटली आणून माझ्यापुढे धरली. "भाऊजी, पंख्याला तेवढी खूण करता का? त्यांच्यामागे तुम्हीच."

मग तिथेच बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटपर्यंत तेच घेऊन बसले होते हो. मागच्या महिन्यातपण म्हणाले, कुठं चुकलो तेच कळलं नाय."

मी स्टुलावर चढलो. पाना घेऊन पंख्याचा प्रत्येक बोल्ट आवळून पाहिला, दोनदा पाहिला. मग बाटली उघडली. ब्रश ओला होता, लाल थेंब टोकाशी लोंबत होता. मी झाकण लावलं, खाली उतरलो आणि म्हणालो, "वाळून गेलंय, वहिनी." त्यांच्याशीही खोटंच बोललो.

तो पंखा अजून बिनखुणेचा फिरतो आहे. ब्रॅकेटचा तुकडा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. दहा वर्षांत त्याच्या कडांची चमक गेलेली नाही. हा मजकूर मी वर्तमानपत्राकडे पाठवला आहे, रविवारी छापून येईल. त्याआधी, शनिवारी, मला सातपूरला जायचं आहे. तो तुकडा वहिनींच्या हातात ठेवून सांगायचं आहे की अशोक कुठेच चुकला नव्हता, त्याचं काम पक्कं होतं, बोल्ट मी आवळला नव्हता. एवढं मी त्या दोघांचं देणं लागतो.